बोलेरोचं इंजिन उघडायचं की बदलायचं, आणि जुनं इंजिन होडीत चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातली जुनी बोलेरो, २५२३ सीसीचं साध्या डिझेल पंपाचं टर्बो इंजिन. मेच्या उन्हात मोहोळच्या अलीकडे काटा लालवर गेला. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतत ओतत गाडी घरी आणली आणि आता डिपस्टिकवर ताकासारखं ऑइल दिसतंय. मेकॅनिक म्हणतो, इंजिन गेलं, सेकंडहँड टाकू. शिवाय उतरवलेलं इंजिन दुरुस्त करून करमाळ्याकडच्या पाहुण्यांच्या उजनीतल्या होडीत बसवता येईल का, असंही विचारलंय.

आधी एक करा: ते ऑइल आत असेपर्यंत इंजिन सुरू करू नका. ‘आवाज ऐकून बघू’ म्हणूनसुद्धा नको. पाणी मिसळलेल्या ऑइलचा थर बेअरिंगवर टिकत नाही. हेड पॅकिंगचं (हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटचं) काम चार-पाच मिनिटांत क्रँकच्या कामावर जातं. काही जण चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) डिझेल ओतून इंजिन ‘धुवायला’ पाच मिनिटं चालवतात, तेही अजिबात करू देऊ नका. डिझेलला ऑइलसारखं वंगण नसतं आणि आधीच उपाशी असलेली बेअरिंगं त्यातच घासली जातात.

गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवा. सकाळी चेंबरचा ड्रेन बोल्ट अगदी हळू, आटा आटा सोडा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाला बसतं. बोल्टच्या कडेनं आधी स्वच्छ पाणी ठिबकलं आणि मग ऑइल आलं, तर पाणी भरपूर आणि ताजं उतरलंय. पाणी वेगळं न निघता सगळंच पांढरट आलं, तर ते बराच वेळ घुसळलं गेलंय. त्या इंजिनाची मेन आणि रॉड बेअरिंगं उघडून बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही. ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये घ्या आणि त्यात चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलेली काळी बारीक भुकटी थोडी असेल तर चालतं. पण चुंबकाला न चिकटणारे पिवळसर किंवा राखाडी चमकणारे कण म्हणजे बेअरिंगचा धातू.

पाणी ऑइलमध्ये तीन-चार वाटांनी येतं. हेड पॅकिंग, हेडला तडा, ओल्या लाइनरचं इंजिन (सिलिंडरच्या नळीला म्हणजे लाइनरला बाहेरून थेट पाणी लागतं असं) असेल तर लाइनरखालची रबरी रिंग, आणि ज्या इंजिनात ऑइल कूलरमधून पाणी फिरतं तिथे तो कूलर. शेवटचा कूलर लोक विसरतात. हेड उतरवतात, फेसिंग करतात (तळ घासून सपाट करतात), नवं पॅकिंग टाकतात आणि आठवड्यात ऑइल पुन्हा पांढरं होतं. म्हणून हेडला हात लावण्याआधी प्रेशर टेस्ट करा. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावायचा, थंड इंजिनावर साधारण १ बार दाब द्यायचा आणि १५ मिनिटं काटा बघायचा. चेंबर उतरवून ठेवलं असेल तर पाणी कुठून ठिबकतं ते खालून बॅटरीनं दिसतं. लाइनरच्या कडेनं ओघळ आला तर दोष खाली. सिलिंडरच्या आत पाणी साठलं तर दोष वर, पॅकिंग किंवा हेडमध्ये.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. डिझेलला साधारण २५ ते ३० बार चांगलं. २० च्या खाली गेलं तर इंजिन थकलेलं. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा आहे, तो ३ बारच्या आत हवा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील, तर पॅकिंग त्या दोघांच्या मधे जळालेलं असतं. गेजचा अडॅप्टर हीटर प्लगच्या भोकात बसतो आणि हीटर प्लग नसलेल्या इंजिनात नोझलच्या जागी. पेट्रोल गाडीत कॉम्प्रेशन कमी आलं की चमचाभर ऑइल टाकून रिंगा की वॉल्व्ह हे ओळखतात. डिझेलमध्ये ही युक्ती करू नका. ज्वलनाची जागा इतकी लहान असते की तेवढ्या ऑइलनंही आकडा फसवा येतो, आणि जास्त पडलं तर रॉड वाकतो.

आता मुख्य मुद्दा. इंजिन उघडा किंवा बदला, ते तापलं का याचं उत्तर आधी हवं. नाहीतर आणलेलं दुसरं इंजिनही त्याच रेडिएटरला जोडलं जाईल आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच रस्त्यावर उभं राहील. सोलापूरच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, हे घरातल्या नळाच्या तोट्या आणि गिझरचं कॉइल बघून कोणालाही कळतं. तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांत बसतात. कुठे तापते यावरून अर्धं निदान होतं. गाडी नवी पेठेच्या गर्दीत किंवा सात रस्त्याच्या सिग्नलला तापत असेल आणि हायवेवर लागल्यावर काटा खाली येत असेल, तर पंख्याकडे बघा. उलट मोहोळ-टेंभुर्णीसारख्या सरळ रस्त्यावर ८० च्या वेगात तापत असेल, तर पंख्याचा संबंध नाही, कारण त्या वेगाला वारा पुरेसा असतो. तिथे रेडिएटर तुंबलेला असतो, पाण्याचा पंप झिजलेला असतो किंवा होज पाइप आतून सोललेला असतो. तुमची गाडी दुसऱ्या प्रकारातली आहे.

रेडिएटर तपासायला लेझरवालं तापमापक पुरेसं आहे. हे फक्त ऑइल स्वच्छ असलेल्या चालू गाडीवर करायचं, तुमच्या आत्ताच्या इंजिनावर नाही. इंजिन तापल्यावर जाळीवर आडवं-उभं फिरवा. एका पट्ट्यात तापमान एकदम २०-२५ अंशांनी कमी दाखवलं तर त्या नळ्या बंद आहेत. तांबं-पितळेचा रेडिएटर असेल तर दोन्ही टाक्या उघडून सळ्या मारून साफ करता येतो. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असतील तर नवा घ्या, ॲसिडनं धुण्याच्या नादी लागू नका. व्हिस्कस पंखा (आतल्या घट्ट तेलावर फिरणारा) असेल तर गरम इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून, पंखा हातानं ढकला. दोन-तीन गरके सहज मारले तर त्यातलं तेल गेलंय. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर मात्र जागेवर आहे ना ते बघाच. कुठल्यातरी बेल्टच्या कामाला ते काढलेलं असतं आणि परत बसवलेलं नसतं. ते नसलं की पंखा पुढून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत बसतो.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील’ हा सल्ला गावोगाव मिळतो. थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह, साधारण ८२ अंशांना उघडतो आणि बऱ्याच इंजिनांत उघडताना खालची बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता तसाच इंजिनात परततो. थंडीत इंजिन तापत नाही आणि उन्हाळ्यात जास्त तापतं, दोन्हीकडून तोटा. कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं. रेडिएटरचं झाकणही नवं टाका. झाकणाची स्प्रिंग सैल असेल तर दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं.

उघडायचं की बदलायचं? लाइनरला ओरखडे नसतील, क्रँक निळसर पडलेला नसेल आणि ब्लॉकला तडा नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आपलंच इंजिन उघडा. त्याचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, भंगारातून येणाऱ्याचा कोणालाच नाही. हेड सपाट आहे का हे स्ट्रेट एज आणि फिलर गेजनं बघतात, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. ०.०५ मिमीची पाती सहज आत गेली तर लेथवाल्याकडे न्या. मात्र डिझेलच्या हेडचं फेसिंग वाटेल तेवढं करता येत नाही. हेड पातळ झालं की वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. फेसिंगच्या आधी हेडची पाण्यात दाब देऊन तडा-तपासणी करून घ्या, नाहीतर फेसिंगचे पैसे तडा गेलेल्या हेडवर जातात. बऱ्याच डिझेल इंजिनांचं पॅकिंग दोन-तीन जाडीत मिळतं आणि कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून जाडी ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजनं मोजून जाडी ठरवायची. जुन्या पॅकिंगवर जेवढ्या खाचा तेवढ्याच मागणं हा किमान नियम. दुकानात ‘बोलेरोचं पॅकिंग द्या’ एवढंच सांगितलं तर जे हाताला लागेल ते मिळतं.

ब्लॉकच गेला असेल तर दुसरं इंजिन घ्यावं लागेल. २५२३ सीसीची इंजिनं महिंद्राच्या पिकअप आणि कॅम्परमध्येही येतात. सीसी एकच असलं तरी चेंबरचा आकार, फाउंडेशनच्या (इंजिन ज्यावर टेकतं त्या) ब्रॅकेटा, मॅनिफोल्ड आणि डिपस्टिक वेगळी असू शकते. डिपस्टिक आणि तिची नळी ज्या चेंबरची, त्याच चेंबरला ठेवा, नाहीतर ऑइल कायम लिटरभर कमी किंवा जास्त भरलं जाईल. दुकानात इंजिन हातानं क्रँकच्या बोल्टवर पाना लावून दोन पूर्ण फेरे फिरवा. एखाद्या जागी अडलं तर तिथेच सोडून द्या. ऑइलचं झाकण आणि पाण्याचं तोंड उघडून आत बोट फिरवा. पाण्याच्या वाटेत गंजाचा लगदा असेल तर ते इंजिनही तापूनच निघालेलं आहे. चेंबर खोलायला विक्रेता तयार नसेल तर दुसरं दुकान बघा. पक्कं बिल आणि ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची प्रत घ्या. इंजिन नंबर बदलला की १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करावी लागते. ती नसेल तर फिटनेसला, गाडी विकताना आणि विम्याच्या दाव्याला, तिन्हीकडे अडकाल. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

उतरवण्याचं काम. आदल्या दिवशी सायलेन्सरच्या पुढच्या पाइपच्या स्टडवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ते स्टड तुटले तर सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी. बोनेटच्या बिजागऱ्यांभोवती मार्करनं रेघ मारा, परत बसवताना फटी जुळवत बसावं लागत नाही. पाणी, ऑइल काढा. रेडिएटर, इंटरकूलर, पंखा आणि पुढची आडवी पट्टी काढली की पुढून मोकळी वाट मिळते. एसीचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप पाइप न उघडता बोल्ट काढून बाजूला तारेनं बांधून ठेवा. गॅस सोडायची गरज नाही. डिझेलची येणारी आणि परतीची नळी खुणा करून बंद करा. प्रत्येक वायरच्या टोकाला मास्किंग टेप आणि त्यावर नाव, शिवाय मोबाइलवर फोटो. तरी एक वायर राहतेच, बहुधा मागच्या बाजूची अर्थची पट्टी. चेन ताणताना इंजिन न उठता गाडीच वर यायला लागली तर थांबा आणि शोधा.

गिअरबॉक्स गाडीतच ठेवायचा असेल तर त्याखाली लाकडी फळी टाकून जॅक लावा. बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलेलं घंटेसारखं तोंड) बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचा गोल काढून ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी पुठ्ठ्यात खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर ब्लॉकचा आटा फुटतो. वरचे दोन बोल्ट खालून, लांब एक्स्टेंशन आणि नकल जॉइंट लावून निघतात. वेगळं करताना इंजिन सरळ पुढे सरकलं पाहिजे. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर इंजिनाचं वजन एक क्षणही लटकलं तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो आणि मग बसवल्यावर क्लच सुटत नाही. गिअरबॉक्ससकट काढणार असाल तर प्रोपेलर शाफ्ट काढल्यावर मागच्या तोंडावर जाड पिशवी रबरबँडनं बांधा. इंजिन तिरकं झालं की गिअर ऑइल तिथूनच सांडतं.

या इंजिनाचं वजन २०० किलोच्या पुढे धरा. चेन ब्लॉक एक टनी. चेन इंजिनाच्या उचलायच्या कड्यांना किंवा ब्लॉकमध्ये पूर्ण आट्यानं बसलेल्या बोल्टना, इनटेक मॅनिफोल्डला कधीच नाही. पत्र्याच्या शेडच्या अँगलला चेन टांगणं म्हणजे शेड आणि माणूस दोन्ही पणाला लावणं. लोखंडी तिपाई किंवा चाकाची क्रेन भाड्यानं मिळते. लटकत्या इंजिनाखाली हातही घालायचा नाही.

इंजिन बाहेर आहे तोवर क्रँकचं मागचं ऑइल सील, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकच्या टोकातलं छोटं पायलट बेअरिंग, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज आणि फाउंडेशनची रबरं बदलून घ्या. मागचं सील चुकवलं आणि महिन्यानं ते गळलं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. इंटरकूलर आणि त्याचे पाइप उलटे करून आतलं साचलेलं ऑइल पूर्ण काढा. टर्बो तुटून गेलेला असेल तर त्याचे तुकडे तिथेच अडकलेले असतात. ते साचलेलं ऑइल नव्या इंजिनानं ओढलं तर डिझेल बंद केलं तरी ते त्यावरच पळत सुटतं. बेल हाउसिंगच्या दोन्ही डॉवेल पिना (जुळणी नेमकी ठेवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत का ते बसवण्याआधी बोटानं चाचपा. त्या जुन्या ब्लॉकमध्येच राहून जातात आणि मग गाडी थरथरते, क्लच दर काही महिन्यांनी जातो.

बसवताना इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये बोटभर फट राहिली तर बोल्ट आवळून ती बंद करायची नाही. क्लच प्लेट मध्यात नाही किंवा स्प्लाइन जुळलेले नाहीत. गिअर टाकून मागून प्रोपेलर शाफ्ट थोडा फिरवला की ‘टक’ करून बसतं. एम-१० च्या ८.८ ग्रेडच्या बोल्टना साधारण ४५ न्यूटन मीटर पुरतात.

पहिलं स्टार्ट घाईनं देऊ नका. टर्बोच्या ऑइल पाइपमध्ये थोडं ऑइल ओता. पंपावरची स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून १० सेकंद सेल्फ मारा, मिनिटभर थांबा, असं ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग वायर जोडा, फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड प्रायमर दाबत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. तरी इंजिन सुरू झालं नाही तर एकेक नोझलचा पाइप अर्धा आटा सैल करून सेल्फ मारता येतो. हे फक्त तुमच्यासारख्या यांत्रिक पंपाच्या गाडीला. कॉमन रेल (संगणकावर चालणाऱ्या इंजेक्शनच्या) गाडीत दाब हजार बारच्या वर जातो, तिथे पाइप सैल केला तर डिझेलची धार कातडीतून आत जाते आणि हात गमवायची वेळ येते. कॉमन रेलमध्ये नोझल बदलले तर त्यांचे कोड ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) भरावे लागतात, ही आणखी एक भानगड. तुमच्या गाडीत ती नाही.

सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही: आधी अर्थची पट्टी आणि सोलेनॉइडची वायर बघा, मग डिझेलच्या लाइनमधली हवा. पांढरा धूर पाच मिनिटांनी गेला तर ठीक. न जाता गोडसर वास आला तर कूलंट जळतंय. निळा म्हणजे ऑइल. काळा धूर आणि ताकद कमी असेल तर इंटरकूलरचा पाइप सुटलाय किंवा हवेचा फिल्टर तुंबलाय. तापमान चढतंय पण वरचा होज थंडच असेल, तर हवा अडकली आहे किंवा थर्मोस्टॅट उलटा बसलाय. पहिलं ऑइल ५०० ते १००० किलोमीटरला बदला. आधी पाणी मिसळलेलं असेल तर पहिला फिल्टर ५०० लाच.

आता होडी. प्रवासी वाहतुकीच्या होडीत हे इंजिन बसवू नका, एवढं सरळ सांगतो. यंत्रावर चालणाऱ्या होडीला इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट २०२१ प्रमाणे सर्वेक्षण आणि नोंदणी लागते, आणि गॅरेजातला जुगाड त्यात बसत नाही. मासेमारीच्या होडीबद्दल विचार करता येतो, पण खर्च इंजिनात नाही, बाकीच्यात आहे.

गाडीत इंजिनाला सपाट रस्त्यावर क्वचितच पूर्ण ताकद लावावी लागते. होडीत उतार नसतो, मोकळं धावणं नसतं, होडीचा पंखा (प्रोपेलर) सतत पाणी कापत असतो. त्याची मागणी फेऱ्यांच्या घनाच्या पटीत वाढते, म्हणजे ८० टक्के फेऱ्यांना साधारण निम्मी ताकद लागते. म्हणून इंजिन त्या ८० टक्क्यांच्या वर सतत चालवायचं नाही. होडीचा पंखा असा निवडायचा की पूर्ण रेसला इंजिन आपल्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचलं पाहिजे. नाही पोचलं आणि काळा धूर आला तर पंखा मोठा झाला, इंजिन ओझ्याखाली शिजतंय. पंख्याची ढकल मरीन गिअरबॉक्सच्या थ्रस्ट बेअरिंगनं घ्यायची असते. गाडीच्या गिअरबॉक्सची बेअरिंगं ती ढकल घ्यायला बनवलेली नसतात. मरीन गिअरबॉक्सची किंमत ऐकल्यावर बरेच जण आउटबोर्डच (होडीच्या मागे बाहेरून लावायचं तयार इंजिन) घेतात, आणि ते बरोबरच आहे.

थंड करायला गाडीचा रेडिएटर होडीत चालत नाही, पेटीत वारा कुठून येणार? उजनीचं पाणी आत ओढून हीट एक्स्चेंजरमधून फिरवता येतं. पण जलपर्णीच्या मुळ्या गाळणीत अडकल्या की पंपाचा रबरी इंपेलर कोरडा चालतो आणि मिनिटभरात फाटतो. उजनी मायनसमध्ये गेली (उपयुक्त साठा संपला) की वर गाळच गाळ असतो. अशा जलाशयाला होडीच्या तळाला बाहेरून नळ्या लावून कूलंट आतच फिरवणं जास्त टिकाऊ. मात्र पाणी उतरल्यावर बुडालेल्या भिंती आणि झाडांचे बुंधे वर येतात, त्यांना नळ्या आपटू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी लावा. या पद्धतीत सायलेन्सर कोरडा आणि तापलेला असतो, त्यावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळलीच पाहिजे.

शाफ्ट आणि गिअरबॉक्सच्या कपलिंगची जुळणी होडी काठावर असताना करून उपयोग नाही, पाण्यात सोडली की सांगाडा थोडा वाकतो. होडी एक दिवस पाण्यात ठेवा, दोन्ही फ्लँज हातानं जवळ आणा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेज घाला. चारही ठिकाणच्या मापात ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर फाउंडेशनखाली पत्रे घालून पुन्हा मोजा.